घोट्याची लवचीकता : मोबाइलवरील मापन

मुरगळलेल्या घोट्याची हालचाल कितपत परतली आहे, हे मोबाइलमधील कलमापक ॲपच्या साहाय्याने अंशांत मोजण्याची पद्धत. पाऊल आत वळून घोटा मुरगळतो तेव्हा बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. सूज उतरते, लंगडणेही थांबते. पण पाऊल नडगीकडे वाकण्याची क्रिया बरेचदा अपुरीच राहते. सपाट रस्त्यावर चालताना हे लक्षात येत नाही. जिना उतरताना किंवा उकिडवे बसताना मात्र टाच उचलली जाते. म्हणूनच दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला, असे मानणे घाईचे ठरते.

मापनासाठी भिंतीसमोर उभे राहून एक पाऊल पुढे ठेवतात आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवतात. जमेल तितके पाऊल मागे सरकवत जाऊन, टाच सुटण्याआधीची शेवटची स्थिती मोजतात. पूर्वीपासून अंगठा ते भिंत हे अंतर टेपने मोजले जाते. त्यातला एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने साडेतीन अंश. फोन वापरताना तो नडगीच्या पुढच्या हाडावर टेकवतात. फोनमधील ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, त्यावरून नडगी उभ्या रेषेपासून किती कलली हे पडद्यावर दिसते. ऑस्ट्रेलियात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘टिल्टमीटर’ हे ॲप या चाचणीसाठी विश्वासार्ह ठरले.

तरीही फोन मोजतो तो नडगीचा कल, सांधा नव्हे. टाच किंचित सुटली, पावलाची कमान खचली किंवा गुडघा आत झुकला, तर आकडा वाढतो आणि घोटा होता तिथेच राहतो. टाचेखाली कागदाची पट्टी ठेवून ती ओढून पाहणे हा सोपा उपाय आहे; पट्टी निसटली तर ते माप बाद. फोन दर वेळी हाडावरील त्याच जागी ठेवावा, जाड कव्हर काढावे आणि तीन मापांची सरासरी घ्यावी. एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकावरून प्रगती ठरवू नये. तुलना करायची ती स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी, कारण निरोगी माणसांतही हा कोन बराच कमीजास्त असतो. दुसरा पायही पूर्वी मुरगळलेला असेल, तर ही तुलना फारशी उपयोगाची नाही.

ताज्या दुखापतीत ही चाचणी करू नये. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवून एक्स-रेबद्दल विचारावे.