मोटेट
मोटेट : अनेक स्वरावलींच्या मेळातून फुलणारी ख्रिस्ती भक्तिपर समूहगानरचना. मध्ययुगीन यूरोपात उगम पावलेला हा प्रकार पंधराव्या-सोळाव्या शतकांत, म्हणजे प्रबोधनकाळात, परिणत झाला. संहिता बहुधा लॅटिन आणि बायबल वा उपासनाग्रंथांतून घेतलेली असते. एक स्वरपंक्ती सुरू होते, दुसरी तिचेच अनुकरण करत मागाहून प्रवेशते. चार-पाच पंक्ती अशा गुंफल्या जातात. झोस्कॅं दे प्रे (मृत्यू १५२१), पालेस्त्रीना (मृत्यू १५९४) आणि व्हिक्टोरिया (१५४८–१६११) हे या प्रकाराचे श्रेष्ठ रचनाकार.

पोर्तुगीज अंमलात ही परंपरा गोव्यात रुजली. चर्चशी संलग्न शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवले जाई. स्थानिक संगीतकारांनी लॅटिन व पुढे कोकणी संहितांवर मोटेट रचले. उपवासकाळात, विशेषतः ख्रिस्ताच्या क्रूसवाहनाच्या मिरवणुकीच्या वेळी ते गाइले जातात. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बास असतात. यूरोपीय स्वरमेळ व कोकणी भक्तिभाव यांचा संगम घडवणारे गोमंतकीय मोटेट हे भारतीय संगीताचे मोलाचे धन आहे.