पोटगी आणि वाटणी

मोडलेल्या संसारासाठी मराठीत तीन जुने शब्द आहेत : काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत. पहिल्यात काडी आहे, दुसऱ्यात चिठ्ठी. तिसरा अरबी ‘फारिग’ (मोकळा) आणि ‘खत’ यांतून आला. देणे फिटले की लिहून द्यायचे तेही फारखत, आणि हिस्सा घेऊन वेगळ्या होणाऱ्या भाऊबंदाने लिहून द्यायचे तेही फारखत. फरक एवढाच की भाऊबंदाच्या फारखतामागे वाटणी असे. बायकोच्या फारकतीमागे नुसती मोकळीक. तिच्यासाठी आपण निराळा शब्द ठेवला : पोटगी. पोटापुरते. घरापुरते नव्हे.

कायद्याची वाटचाल पाहिली तर तो या शब्दांच्याच मागून चाललेला दिसतो. बडोद्यात सयाजीरावांच्या राजवटीत 1931 साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. 1946 च्या केंद्रीय कायद्याने विवाहित हिंदू स्त्रीला ठरावीक कारणांसाठी वेगळे राहून पोटगी मागता येऊ लागली. मुंबई प्रांताने 1947 मध्ये, तर देशाने 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट खुली केली. या कायद्यात पोटगीसाठी कलम 25 आहे. मालमत्तेसाठी आहे ते कलम 27. पण त्याचा आवाका लग्नात किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या, दोघांच्या सामाईक असू शकणाऱ्या वस्तूंपुरता. म्हणजे आहेराच्या भांड्यांचा हिशेब होतो. पुढच्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या घराचे काय, याबद्दल कलम गप्प आहे. स्त्रीधनावर पत्नीचीच संपूर्ण मालकी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठणकावून सांगितले; पण स्त्रीधन म्हणजे घर नव्हे.

आता तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात जाऊ. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे 1 जुलै 1870 पासून लागू झाली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, आणि विवाह संपला की निम्मी-निम्मी, हे तिचे मूळ तत्त्व. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येताच 1910 मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. 1961 च्या मुक्तीनंतर गोव्याने हा वारसा सोडला नाही. त्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरू नये : हिस्सा निम्मा असला तरी संहितेने कारभार नवऱ्याच्याच हाती दिला होता. तरीही स्थावर विकायचे तर बायकोची संमती लागे. त्या एका सहीत ती घराची मालकीण ठरत होती.

माझ्या नात्यातल्या एका बाईंनी बावीस वर्षे नोकरी केली. त्यांच्या पगारावर किराणा, फिया, आजारपणे निघाली. नवऱ्याच्या पगारातून घराचे हप्ते गेले. वेगळे व्हायची वेळ आली तेव्हा हप्त्यांच्या पावत्या निघाल्या, किराण्याच्या कोणी ठेवल्या होत्या? घर नवऱ्याच्या नावावर होते, त्याच्याकडेच राहिले. बाईंना पोटगीही मिळाली नाही, कारण त्या कमावत्या होत्या. ज्या पगाराने त्या घराला हातभार लावला, तोच त्यांच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला.

ही उणीव दिल्लीला ठाऊक नव्हती असे नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत संमत झाले. लोकसभेत ते मंजूर झाले नाही. पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले.

भावाभावांत भांडण झाले तर आपण विचारतो, ‘वाटणी झाली का?’ नवरा-बायको विभक्त झाले तर विचारतो, ‘पोटगी मिळाली का?’ दोन्ही प्रश्न एकाच घराविषयी आहेत. पहिल्यात माणूस घराचा हिस्सेदार असतो, दुसऱ्यात घरातले एक खाते तोंड. 1955 च्या कायद्याने बायकोला दार उघडून दिले. पण ज्या घराचे ते दार, त्यात तिचे किती, हे अजून लिहायचे राहिले आहे.