अखेरचा शनिवार : एडिंबरोच्या हार्ट्स संघाचा व त्याच्या पाठीराख्यांचा वृत्तांत

गतवर्षी उपवासकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण देवळाच्या पायरीवर खिन्न मुद्रेने बसलेला आम्हांस आढळला. घरी कोणी आजारी आहे काय, अशी आम्ही विचारपूस केली. तेव्हा कळले की, दूर विलायतेतील ज्या फुटबॉल संघावर त्याचा जीव आहे तो संघ आदल्या रात्री हरला असून विजेतेपदाच्या चढाओढीत मागे पडला आहे. आम्हांस हसू आले. "ज्यांना तुझे नावही ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तोंड कशाला सुकवून बसतोस?" असे काहीसे आम्ही बोलून गेलो. मुलगा आदबीने उठला, "बरोबर आहे, फादर," एवढेच म्हणाला आणि चालता झाला. आमचे बोलणे बरोबर नव्हते, हे त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना आमच्या ध्यानी आले. परंतु बोललेला शब्द परत घेता येत नाही.

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा हा प्रसंग पुन्हा आठवला. धर्मग्रामाचा इतिहास आमच्याहून अधिक जाणत्या मंडळींनी याच अंकात लिहिला आहे. आम्ही त्या तरुणाच्या दुःखाचा इतिहास लिहावयाचे ठरविले. मात्र त्याच्या संघाचा नव्हे. आशा लावून बसणे म्हणजे काय, हे ज्या गावच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अनुभविले, त्या स्कॉटलंडमधील एडिंबरो नगराच्या हार्ट ऑफ मिडलोदियन, अर्थात हार्ट्स, या संघाचा.

संघाचे नाव चमत्कारिक खरे. मिडलोदियनचे हृदय हे एडिंबरोच्या जुन्या तुरुंगाचे लोकांनी पाडलेले नाव. तो तुरुंग 1817 साली पाडण्यात आला. पुढच्याच वर्षी सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच नावाची कादंबरी प्रसिद्ध केली व ते नाव सर्वतोमुखी झाले. हल्ली त्या जागी रस्त्यात दगडांचे एक हृदय बसविलेले आहे. 1874 साली स्थापन झालेल्या या संघाने तेच नाव धारण केले व पुढे किरमिजी रंगाचा पोशाख पत्करला.

येथे वाचक विचारतील की, कॅथलिक धर्मगुरूस या संघाचे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे. कारण त्याच नगरात काउगेट भागातील सेंट पॅट्रिक देवळाचे धर्मगुरू एडवर्ड हॅनन यांनी आपल्या धर्मग्रामातील गरीब आयरिश तरुणांना हाताशी धरून 1875 साली हायबर्नियन हा संघ काढला. त्यांचेच उदाहरण पाहून ग्लासगो येथे मारिस्ट बंधुसंघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांनी 6 नोव्हेंबर 1887 रोजी सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक संघाची स्थापना केली. उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करावा, हा त्यांचा मूळ हेतू होता. आमचे रक्ताचे नाते या दोन संघांशी. तथापि फादर हॅनन यांच्या मुलांबरोबर पहिला सामना खेळावयास मैदानात कोण उतरले? हार्ट्स. 25 डिसेंबर 1875 रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, मेडोज नामक मोकळ्या माळावर हा सामना झाला व हार्ट्सने तो एका गोलाने जिंकला. तेव्हापासूनच्या वैराची कहाणी मोठी आहे; तिच्यात आम्ही शिरत नाही.

आता आशेविषयी. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांचे अध्ययन करताना आशेचे लक्षण आम्ही तोंडपाठ केले होते. आशेचा विषय म्हणजे काहीतरी हितकर, पुढे यावयाचे, कष्टसाध्य, परंतु शक्य असलेले. या चारांतील एकही अंग गळाले की ती आशा उरत नाही. अशक्य ठरले की निराशा येते. कष्ट सरले, वस्तू जणू पदरात पडली असे वाटू लागले, की मनुष्य आशा करीत नाही, नुसता वाट पाहतो. परीक्षेसाठी पाठ केलेले हे लक्षण पुढे आम्हांस फुटबॉलच्या गुणतक्त्यात भेटेल, असे आमच्या गुरुजींना खचित वाटले नसेल.

हार्ट्सने 1895 व 1897 साली लीगचे विजेतेपद मिळविले होते. त्यानंतर दीर्घ काळ ते हुलकावण्या देत राहिले. 1914 सालच्या ऑगस्ट महिन्यात महायुद्ध पेटले, त्याच महिन्यात नवा हंगाम सुरू झाला आणि हार्ट्सने पहिल्याच दिवशी विजेत्या सेल्टिकचा 2-0 असा पराभव केला. पाठोपाठ सामने जिंकत संघ शिखरावर जाऊन बसला. विजेतेपद येणार ते याच वर्षी, असे गावात जो तो बोलू लागला. पण युद्धभूमीवर तरुण मरत असता धडधाकट खेळाडूंनी चेंडू लाथाडावेत काय, अशी टीकाही चोहोकडून होऊ लागली. सर जॉर्ज मॅक्रे यांनी एडिंबरोत नवी पलटण उभारण्यास घेतली, ती रॉयल स्कॉट्सची सोळावी पलटण होय. 25 नोव्हेंबर रोजी हार्ट्सच्या अकरा खेळाडूंनी तिच्यात नाव नोंदविले. मागाहून आणखी काही गेले. त्यांच्यामागे शेकडो पाठीराखे गेले. इतर संघांचे खेळाडू आले, आणि वैर विसरून हायबर्नियनचे पाठीराखेही आले.

त्यानंतरचा हंगाम कसा गेला असेल, याची कल्पना करावी. आठवडाभर कवायत, रात्रीच्या लांबलांब कूच, अंगात टोचलेल्या लसीचा ताप, आणि शनिवारी सामना. अशा स्थितीतही संघ बहुतेक हंगामभर अग्रस्थानी टिकला व अखेरच्या काही आठवड्यांत थकून मागे सरला. सेल्टिकचे 65 गुण झाले, हार्ट्सचे 61. चार गुणांनी विजेतेपद गेले. सेल्टिकने ते न्याय्य रीतीनेच जिंकले, हे आम्ही येथे नमूद करतो. 1 जुलै 1916 रोजी सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी त्या संघातील हॅरी वॉटी, डंकन करी व अर्नेस्ट एलिस हे तिघे पडले. युद्ध संपेपर्यंत हार्ट्सच्या सात खेळाडूंना मृत्यू आला. त्यांपैकी एक, टॉम ग्रेसी, हा रणात नव्हे तर रक्ताच्या कर्करोगाने गेला. सेल्टिकविरुद्धच्या चढाओढीतील गोलांचा भरवसा त्याच्यावरच होता. एडिंबरोच्या हेमार्केट चौकात त्यांचे स्मारक 1922 साली उभारले गेले व प्रतिवर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे लोक जमतात.

1915 साली हुकलेले विजेतेपद पुढे त्रेचाळीस वर्षांनी मिळाले. 1957-58 च्या हंगामात हार्ट्सने चौतीस सामन्यांत 132 गोल केले. 1960 साली पुन्हा जिंकले. हे सुखाचे दिवस होते आणि सुखाच्या दिवसांविषयी लिहिण्यासारखे फारसे नसते.

24 एप्रिल 1965. हंगामाचा अखेरचा शनिवार. हार्ट्सचे गुण 50, किल्मार्नॉकचे 48, आणि योगायोग असा की, या दोघांचाच सामना हार्ट्सच्या टाइनकॅसल मैदानावर होता. त्या काळी विजयास दोन गुण मिळत. गुण सारखे झाले तर केलेल्या गोलांच्या संख्येस खाल्लेल्या गोलांच्या संख्येने भागावयाचे व ज्याची सरासरी अधिक तो विजेता, असा नियम होता. हार्ट्सला बरोबरी पुरेशी होती. इतकेच काय, एका गोलाने हरले असते तरी विजेतेपद त्यांचेच होते! किल्मार्नॉकला निदान 2-0 असा विजय हवा होता. अर्धा तास होण्यापूर्वीच डेव्ही स्नेडन व ब्रायन मॅकिलरॉय यांनी ते दोन गोल केले. पुढचा तासभर हार्ट्सला एक, केवळ एक गोल हवा होता. अखेरच्या क्षणी ॲलन गॉर्डन याने मारलेला चेंडू किल्मार्नॉकचा तरुण गोलरक्षक बॉबी फर्ग्युसन याने झेप घेऊन बाहेर काढला. झाले.

आता हिशेब पाहावा. किल्मार्नॉकचे गोल 62, खाल्लेले 33, सरासरी 1.879. हार्ट्सचे 90 व 49, सरासरी 1.837. फरक एका गोलाच्या पंचविसाव्या हिश्शाइतका. भागाकाराऐवजी साधी वजाबाकी केली असती तर हार्ट्सचे 41 व किल्मार्नॉकचे 29 भरले असते. ज्यांनी अठ्ठावीस गोल अधिक केले, ते हरले. हा भागाकाराचा नियम पुढे रद्द होऊन वजाबाकीचा आला आणि हार्ट्सच्या पाठीराख्यांना ते योग्यच वाटले असणार.

त्यानंतर संघाची दशा वाईट झाली. 1977 साली तो प्रथमच खालच्या श्रेणीत गेला. वर येऊन पुन्हा घसरला. 1983 साली एकदाचा स्थिरावला. 1985-86 च्या हंगामाचा आरंभ असा होता की, पहिल्या आठांपैकी पाच सामने त्यांनी गमावले. विजेतेपदाचे नाव कोण काढणार? परंतु ऑक्टोबरपासून ते हरेनातच. ॲलेक्स मॅकडोनाल्ड यांच्या हाताखालील त्या संघात सदतीस वर्षांचे सँडी जार्डिन होते, तसाच जॉन रॉबर्टसनसारखा कोवळा पोरही होता. लीगचे सत्तावीस सामने ओळीने अपराजित गेले. खरी आशा ती हीच. दर शनिवारी ती थोडी वाढे, आणि दर शनिवारी ती मोडण्याचे भय तितकेच वाढे.

3 मे 1986 रोजी अखेरच्या सामन्यासाठी हार्ट्सला डंडी नगरातील डेन्स पार्कवर जावयाचे होते. गुण 50. सेल्टिकचे 48. पुन्हा बरोबरी पुरेशी होती. हार्ट्स हरले आणि त्याच वेळी सेल्टिकने पेझली येथे सेंट मिरन संघाविरुद्ध तीन-चार गोलांचा पाऊस पाडला, तरच उलटापालट होणार होती. आमच्या मते त्या आठवड्यात हार्ट्सच्या मंडळींनी आशा करणे सोडले होते व ते वाट पाहू लागले होते. संत थॉमसच्या लक्षणानुसार आशा त्या दिवशी सेल्टिकच्या बाजूस होती. कारण कष्टसाध्य व जेमतेम शक्य असे जे काही होते, ते त्यांच्यापुढे होते. या मतात आमची चूकही असेल. ज्याचा बाप त्यास 1965 साली टाइनकॅसलला घेऊन गेला होता, तो एकवीस वर्षांनी डेन्स पार्कच्या पायऱ्यांवर निर्धास्त उभा असेल, हे संभवत नाही.

सेल्टिकने मध्यंतरापूर्वीच चार गोल केले व नंतर पाचवा. (सेंट मिरन हे पेझलीचे पालक संत, त्या दिवशी त्यांनी आपल्या संघाचे पालन केले नाही, असे म्हणावे लागते.) इकडे डेन्स पार्कवर गोलशून्य बरोबरी चालू होती. हार्ट्सचे काही खेळाडू आजारातून नुकते उठलेले. क्रेग लेव्हीन तर अंथरुणास खिळलेला. खेळ संपावयास सातएक मिनिटे उरली असता डंडीस कोपऱ्यातील किक मिळाली, आणि बदली खेळाडू म्हणून आलेल्या अल्बर्ट किड याने चेंडू जाळ्यात मारला. त्या हंगामात लीगमध्ये त्याने तोवर एकही गोल केला नव्हता. पेझली येथे कानाशी रेडिओ धरून बसलेल्या सेल्टिकच्या पाठीराख्यांनी एकाएकी गर्जना केली. मैदानात तर त्या क्षणी काहीच घडले नव्हते. चारच मिनिटांनी किडने दुसरा गोल केला. हार्ट्सच्या कप्तानाचे आडनावही किडच होते. नियती अशी थट्टाही करते.

दोघांचे गुण 50. वजाबाकीत सेल्टिकचे 67 वजा 38 म्हणजे 29. हार्ट्सचे 59 वजा 33 म्हणजे 26. विजेतेपद सेल्टिकचे. आता जुना भागाकार करून पाहावा. सेल्टिक 1.763; हार्ट्स 1.788. म्हणजे 1965 चा नियम 1986 साली असता तर हार्ट्स विजेते, आणि 1986 चा नियम 1965 साली असता तरीही हार्ट्सच विजेते. हा हिशेब आम्ही कागदावर तीनदा करून पाहिला. चूक सापडली नाही.

डेन्स पार्कवर प्रौढ माणसे ओक्साबोक्शी रडत होती. तरी पुष्कळजण लगेच निघून गेले नाहीत. उभे राहून त्यांनी आपल्या खेळाडूंना टाळ्या दिल्या. पुढच्याच शनिवारी ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर करंडकाचा अंतिम सामना होता. त्यात ॲबरडीनने हार्ट्सला 3-0 असे हरविले. तेथेही ही मंडळी किरमिजी पट्टे गळ्यात घालून हजर होतीच. आठ दिवसांत दोनदा असे घडल्यावर मनुष्य घरी बसतो असे आम्हांस वाटत होते. वर्षभर त्या माणसांविषयी मिळेल ते वाचल्यावर तसे वाटेनासे झाले.

स्मरणिका छापून आली की तिची एक प्रत त्या तरुणास स्वहस्ते देण्याचा आमचा विचार आहे. परवा तो भेटला, तेव्हा त्याच्या संघाची चौकशी आम्ही आपण होऊन केली. त्याने प्रथम आमच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. मग म्हणाला, "फादर, अजून पाच सामने आहेत. त्यांतले तीन आमच्याच मैदानावर." आणि देवळाच्या पायरीवर बसून त्याने ते पाचही सामने आम्हांस एकेक करून समजावून सांगितले.