देवीची आज्ञा आणि सरकारचा कायदा

नागरिकांनी दारू प्यावी की नाही, विडी ओढावी की नाही, यात सरकारने लक्ष घालावे काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा असे गृहीत धरतात की, सरकार या बाबतीत मुळात तटस्थ असते. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

सुरत जिल्ह्यातील पलसाणा हा पूर्वी बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील एक महाल होता. शेजारचा बारडोली तालुका इंग्रजी अमलाखाली होता. या मुलुखातील आदिवासी मोहाची दारू घरीच गाळीत. सणाला आणि देवकार्याला ती लागे. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा कायदा केला आणि इंग्रजी हद्दीत घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागली. ताडीच्या झाडांवर कर बसला. संस्थानी हद्दीतही मक्त्याची दुकाने होतीच. अनेक दुकानदार सावकारीही करीत. उधारी वाढे, जमीन हातची जाई आणि कालचा मालक त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबे. सरकारने पिणे थांबविले नव्हते, त्याचे उत्पन्न मात्र आपल्याकडे वळविले होते.

अशा स्थितीत १९२२ साली एक विलक्षण घटना घडली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरच्या किनाऱ्यावर सुरू झालेला देवीचा एक विधी डोंगरांतून व डांगांतून सरकत, वर्ष संपण्यापूर्वी सुरत जिल्ह्यात पोहोचला. या देवीला सलाबाई म्हणत. माणसांच्या अंगात येऊन ती आज्ञा करी : दारू-ताडी सोडा, मांस वर्ज्य करा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे मजुरीला जाऊ नका. गावेच्या गावे शपथबद्ध झाली. पुढे गांधीजींचे नाव आणि चरखा या आज्ञांना येऊन मिळाले. या चळवळीच्या मुळाशी सरकारी हुकूम नव्हता, आपल्या श्रमाचे मोल ओळखणाऱ्या समाजाचा स्वाभिमान होता.

हा निश्चय सर्वत्र टिकला नाही. व्रत पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेले ‘सरजेला’ असे दोन पक्ष पडले. दुकाने उघडी होती, कर्ज तसेच होते; केवळ संकल्पाच्या बळावर किती काळ उभे राहायचे?

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदाही झाला. १९६० नंतर गुजरातने ही बंदी कायम ठेवली, महाराष्ट्राने परवान्यांची वाट मोकळी केली. तथापि, २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बंदीच्या आडोशालाही चोरटा धंदा फोफावतो, हे त्यातून दिसले.

तेव्हा सरकारने लोकांना व्यसनापासून परावृत्त करावे काय? करावे, परंतु आरंभ स्वतःपासून करावा. ज्या प्याल्यावर वा विडीवर तिजोरी भरते, त्याविरुद्ध दिलेला उपदेश लोकांना खरा वाटत नाही. लोकांनी निश्चय केल्यावर त्यांच्या दारातील दुकान हटविणे, त्यांना कर्जातून सोडविणे आणि चोरट्या धंद्याला पाठीशी न घालणे, हे काम मात्र सरकारचेच आहे. सलाबाईच्या भक्तांनी आपला वाटा उचलला होता. उणीव राहिली ती दुसऱ्या वाट्याची.