टपाल थांबलं तेव्हा
सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले आणि त्यांची पत्रं चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी, जाऊ लागली. म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव बदललं. टपालापायी नाव बदललेलं दुसरं गाव मला तरी भेटलेलं नाही.

११ जुलै १९४६ रोजी पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले टपाल कर्मचारी देशभर संपावर गेले. युद्धकाळात महागाई भडकली होती, पगार तिथेच होते. कलकत्त्यात २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी सार्वत्रिक संप झाला. ऑगस्टच्या आरंभी संप मिटला आणि लगेच वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणी भरली. इतिहासकार तिकडे वळतात. माझं मन त्याआधीच्या चार आठवड्यांत अडकतं.

माझी आजी आर्वी तालुक्यातली. तिचा भाऊ नागपूरच्या गिरणीत. त्याची मनिऑर्डर दरमहा यायची. त्या आषाढात आली नाही. निंदणाची मजुरी थकली, ज्वारी उधारीवर आणली. ब्रिटनमध्ये १९७१ चा टपाल संप सात आठवडे चालला, पण तिथे नाक्यावर टेलिफोनची लाल पेटी तरी होती. इथे कोणी आठवडी बाजाराला गेलं, तरच निरोप जाई.

संपवाल्यांवर आजीचा राग नव्हता. "त्याच्याही घरी लेकरं व्हतेच नं," म्हणायची. पैसे अखेर एका गाववाल्याच्या धोतराच्या सोग्यात बांधून आले. दोन रुपये कमी भरले. तिने विचारलं नाही.