ओढ्याकाठचा म्हसोबा

गारगोटीहून पाटगावकडे जाणारा रस्ता वेदगंगेची सोबत धरून चालतो. नदी कधी अगदी हाताशी येते, कधी उसाच्या फडाआड दडी मारते. एस.टी.त बसून जाणाऱ्याला या वाटेवर थांबण्याजोगे फारसे काही दिसत नाही. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या स्वारीआधी १६७६ साली शिवछत्रपती तेथे दर्शनाला आले होते असे सांगतात. त्यापुढे रांगण्याची वाट लागते. प्रवासी ही मोठी नावे घेत जातो आणि तीच घेत परत येतो. पण शाळा सुटल्यावर, कलत्या उन्हात, सायकलीवर बसून, कशाचीच घाई नसलेल्या माणसाने या मुलखात हिंडावे. मग वडाच्या बुंध्याशी, ओढ्याच्या उताराला, देवळाच्या मागल्या अंगाला, कमरेइतके मातीत रुतलेले दगड दिसू लागतात. कोणाला शेंदूर फासलेला असतो, कोणावर धुणे वाळत असते, कोणी पायरी होऊन मुकाट्याने लोकांचे पाय सोसत असतो.

हे दगड म्हणजे वीरगळ. शब्द मुळात कानडी. ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगल्लु. आमच्या भागात कानडी आणि मराठी इतकी वर्षे एकाच पंगतीला जेवत आली आहेत की कोणाच्या ताटातले काय उचलले याची कोणी चौकशी करीत नाही. लढाईत किंवा गावावर आलेल्या धाडीत जो मेला त्याच्या नावाने त्याच्या माणसांनी उभा केलेला हा दगड. सहसा तो काळ्या पाषाणाचा असतो. आमच्या डोंगरातला जांभा भुसभुशीत, त्यावर नाकडोळे उठत नाहीत; म्हणून काळा दगड लांबून आणावा लागला असेल तर तेवढा खर्च आणि तेवढे कष्ट कोणीतरी केले, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. शाळेत मुले फळा वरून खाली वाचतात, म्हणून त्यांना याची मोठी गंमत वाटते. सर्वांत खालच्या चौकटीत मरण: ढाल-तलवार घेतलेला गडी, समोर शत्रू, कधी आडवा पडलेला देह. गुरे सोडवताना मेला असेल तर मागे गाईंची रांग कोरलेली असते. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो कैलासात पोचलेला असतो आणि शिवलिंगापुढे हात जोडून बसतो. त्याच्याही वर चंद्र आणि सूर्य. म्हणजे ही दोन आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा करार. शेजारी कोपरात वाकलेला, चुडे भरलेला उभा हात कोरलेला दुसरा दगड असला, तर ती सतीची शिळा. त्या हातापुढे मला नेहमीच संकोचल्यासारखे होते. वीराच्या दगडावर लढाई तरी दिसते; तिच्या दगडावर तिच्या मनात त्या वेळी काय होते ते दाखवायला जागाच ठेवलेली नाही.

करार चंद्रसूर्याच्या साक्षीने झाला खरा, पण त्यात एक कलम राहून गेले. नाव! कर्नाटकात वीरगळांवर पुष्कळदा लेख असतो. मंड्य जिल्ह्यातल्या आतकूरच्या दहाव्या शतकातल्या दगडावर तर रानडुकराशी झुंजून मेलेल्या एका कुत्र्याची हकीकत आहे, आणि त्या कुत्र्याचे नाव ‘काळी’ होते हे हजारएक वर्षांनंतर आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके. करवीर तालुक्यातल्या बीडचे घ्या, नाही तर पार मुंबईजवळच्या एकसरचे, ज्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे ते घ्या. चित्र बोलते, माणूस बोलत नाही. कुत्र्याला नाव आहे आणि आमच्या गड्याला नाही, हे मनाला लागते.

काळाचा अंदाज मात्र थोडाफार बांधता येतो. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या मुलखावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांतला शेवटचा राजा दुसरा भोज. यादवांच्या सिंघणाने तेराव्या शतकाच्या आरंभी त्याचे राज्य बुडवले. भुदरगडाच्या उभारणीचे श्रेय याच भोजाला देण्याचा प्रघात आहे. आमच्याकडच्या चांगल्या घडणीच्या वीरगळांचा काळ साधारण या शिलाहार-यादवांच्या अलीकडे-पलीकडे पडतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. याहून नेमके सांगण्याचा मला अधिकार नाही. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर या दोघा विद्वानांनी स्मारकशिळांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९८२ साली संपादित केला. सोंथायमर हा जर्मन गृहस्थ आपल्या धनगरांच्या वाड्यांवरून पायी हिंडला, तेव्हा कुठे इतरांना कळले की ज्याला आपण ओबडधोबड धोंडा म्हणतो तो कोणाचा तरी बाप आहे.

आता ज्यांना नाव आहे त्यांच्याकडे पाहू. गारगोटीत १३ डिसेंबर १९४२ रोजी कचेरीवर चालून गेलेले सात जण गोळीबारात पडले. त्यांचे स्मारक आहे, त्यांची नावे मुले पाठ म्हणतात, दर वर्षी त्या दिवशी फुले वाहिली जातात. हे झाले नीट राखलेले मरण. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सात घोडेस्वार पडले. त्यांत प्रतापराव गुजर सर्वांना ठाऊक, उरलेल्या सहांच्या नावांवर अजून वाद होतो. आणि १८४४ साली जमिनी आणि कारभार यांवरून गडकऱ्यांनी सामानगडावर बंड उभारले, त्याचे लोण भुदरगडावर आले, इंग्रजी फौजेने तोफा लावून ते मोडले. त्या बंडात मेलेल्यांचा एकही दगड माझ्या पाहण्यात आलेला नाही. तोपर्यंत वीरगळ उभे करण्याची चालच सरली होती, आणि हरलेल्या बंडवाल्याचा दगड उभारण्याची छातीही कोणाला झाली नसेल.

राहिले घराण्यांचे खाजगी दगड. लिंगायत वाण्यांच्या शेतात समाधी आणि वर लिंग-नंदी, गोसाव्याच्या मठाशेजारी त्याच्या गुरूंचे चौथरे, मराठ्याच्या बांधावर पादुका कोरलेली एखादी शिळा. आमच्याही शेतात अशी एक आहे. घरात तिला ‘थोरल्या आज्याचं थडं’ म्हणतात. आज्याचे नाव आम्हांला ठाऊक आहे, कागदोपत्री त्याची जमीन ठाऊक आहे, त्याने कोणाशी कोर्टात दावा लावला होता तेही ठाऊक आहे. पण भावकीची वाटणी झाली तेव्हा थोरला आजा कोणालाच आपल्या हिश्श्यात नको होता, कारण त्याच्याभोवतीची दोन हात जमीन नांगराला सापडत नाही! शेवटी बांधच त्याच्यावरून नेला. दर पावसाळ्यात तो थोडा थोडा कलतो आहे. शेजारच्याचा आजा आमच्या आज्याहून कमनशिबी. तो पंपाच्या खोलीच्या पायात गेला.

अमेरिकेच्या पूर्वेकडे अॅपलाचिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथेही प्रत्येक घराण्याचे छोटे दफनस्थान आपापल्या जमिनीत, टेकाडावर असते. माणसे पोटामागे शहरांत गेली, घरे पडली, रान माजले, तरी वर्षातून एका ठरल्या दिवशी भावकी जमते, गवत कापते, थडग्यांवर फुले ठेवते आणि तेथेच पंगत मांडून जेवते. १९३३ ते १९३६ या काळात टेनेसी राज्यात नॉरिसचे धरण बांधले, तेव्हा सरकारने सुमारे पाच हजार थडगी वारसांना विचारून दुसरीकडे हलवली. हे वाचून मी पुष्कळ वेळ विचार करीत बसलो होतो. आपल्याकडे धरणात गावठाण जाते तेव्हा ग्रामदैवत वाजतगाजत नव्या जागी नेतात. बांधावरचा आजा बहुधा तसाच पाण्याखाली राहतो. देव उचलला जातो, माणूस नाही.

हे मला पुस्तकातून कळले होते असे म्हणायला हवे. कारण पुढे जे घडले ते माझ्या हातून घडले.

पाटगावच्या वाटेवर एक वाडी आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही. वाडीच्या तोंडाशी ओढा आणि ओढ्याकाठी म्हसोबा. आषाढात त्याला नारळ, नवी म्हैस व्याली की पहिला खरवस, आणि एक म्हातारी दर अमावस्येला तेल घालायची. शेंदराची पुटे इतकी चढली होती की आतला दगड उभा की आडवा हेही कळत नव्हते. एकदा पावसाने एक पापुद्रा निखळला, आणि आत मला चंद्रकोर दिसली.

माझा आनंद काय सांगावा! सातवीची पोरे घेऊन गेलो, वाडीतल्या जाणत्यांना विचारले, त्यांनी ‘मास्तर म्हणतात तर बघा’ म्हटले. दोन रविवार आम्ही लाकडी पट्ट्यांनी हलक्या हाताने शेंदूर काढला. टरबुजाच्या फोडीएवढ्या जाड खपल्या निघाल्या. आतून वीरगळ आला. उंची चार फूट, रुंदी दीड फूट. हे आकडे माझ्या वहीत आहेत. खाली पाच गाई, त्यांच्यापुढे धनुष्य ओढलेला पोरसवदा गडी. मिशी कोरलेली नव्हती. शेंदराने त्याचे नाक असे राखले होते की कारागिराने कालच छिन्नी खाली ठेवली असे वाटावे. उघड्यावरच्या वीरगळांची नाके कधीच झिजून गेली आहेत. त्या वेळी मला याचा अर्थ उमगला नाही.

म्हातारी पदर डोक्यावर घेऊन बघत उभी होती.

“मास्तर, सासूच्या सासूपासनं आमी तेल घालतोय. म्हसोबा न्हवं, तर मग कोण वो ह्यो?”

“लढवय्या होता, आजी. गावाची गुरं सोडवताना मेला.”

“नाव काय त्येचं?”

“नाव ठाऊक नाही.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हंजे मेलेल्या मानसाला आमी नवस बोलत हुतो?”

मी तिला पुष्कळ समजावले. अशा माणसाला तेल घालण्यात काही कमीपणा नाही, उलट हे पाहा, अप्सरा त्याला कैलासात नेताहेत. त्या वर्षी झेंडावंदनाला मी वीरगळावर भाषणही केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि अमावस्येचे तेल बंद झाले. कोणी ठरवून बंद केले नाही. देव असता तर कोपला असता, या भीतीने जे चालत होते, ते भीती गेल्यावर चालेना. आषाढातला नारळ दुसऱ्या वाडीच्या म्हसोबाकडे गेला.

पुढे दोन वर्षांनी रस्ता रुंद करण्याचे काम निघाले. खडी आली, जेसीबी आला. रस्त्याच्या कामावरची माणसे या बाबतीत फार सावध असतात. शेंदूर लागलेल्या दगडाला नारळ फोडल्याशिवाय कोणी हात लावीत नाही. कित्येक ठिकाणी रस्त्यालाच वळण देतात. मुकादमाने ओढ्याकाठी उभे राहून रीतसर विचारले, “देव हाय का ह्यो?” आणि वाडीतल्या माणसांनी प्रामाणिकपणे सांगितले, “न्हाई. मास्तरांनी सांगितलंय, देव न्हवं त्यो.”

मला हे चार दिवसांनी कळले. सातवीतून आठवीत गेलेला एक पोरगा सांगत आला. मी सायकल हाणत गेलो. ओढ्यावरची मोरी तयार झाली होती आणि वरून मुरूम दाबला होता. तो गडी मोरीच्या भरावात आहे की भिंतीच्या पोटात, हे नेमके कोणाला सांगता येईना. कामावरची माणसे पुढच्या मैलावर गेली होती. वहीत त्याची पेन्सिलीने काढलेली आकृती आहे. चित्रकलेत मला कधीच गती नव्हती. गाई शेळ्यांसारख्या दिसतात.

पुष्कळदा वाटते, सांगायचे ते नीट सांगता आले नाही हीच चूक. मग वाटते, नाही. त्या पोराला आठशे वर्षे कोणी राखले असेल तर ते त्याला न ओळखणाऱ्यांनीच. त्याची भावकी केव्हाच नाहीशी झाली. नावाचा वारसा घेऊन कोणी उरले असते तर त्याची गत आमच्या थोरल्या आज्यासारखी झाली असती. वाडीने त्याचे नाव विसरून त्याला म्हसोबा केले, आणि ज्याने त्याला प्रथमच माणूस म्हणून ओळखले त्याने त्याला मोरीत घातले. आता मी रस्त्याकडेचा शेंदरी दगड पाहिला की सायकलीवरून उतरतो, खालून वर नजर फिरवतो, वहीत टिपून ठेवतो आणि कोणाला काही सांगत नाही. वहीत असे अकरा आहेत. त्यांचे ठिकाण विचारू नये.

गेल्या आषाढात त्या वाडीवरून गेलो होतो. नव्या मोरीच्या कठड्याला लागून, डांबरापासून हातभर अंतरावर, वेदगंगेतला एक गोल गोटा मांडलेला होता. ताजा शेंदूर, वर झेंडूचे फूल, पुढे फुटलेला नारळ. म्हातारी तेलाची वाटी घेऊन बसली होती. मला पाहताच तिने गोट्यावर हात आडवा धरला, जसा लेकरावर धरतात तसा.

“मास्तर, खरं सांगा, ह्यो तरी देव हाय न्हवं?”

“होय, आजी,” मी म्हणालो. “म्हसोबाच.”