गव्हर्नरीणबाईंचं मंडळ आणि खडकीची शाळा

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. बहुतेक पाट्यांवर नुसता आकडा. नाव एकाचंही नाही.

या शिपायांसाठी तेव्हा मुंबईत बायकांचं एक मंडळ राबत होतं, त्याविषयी आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही. मुंबई इलाख्याच्या युद्ध मदतनिधीची महिला शाखा. प्रमुख होत्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन. मडमा होत्या, तशाच आपल्याकडच्या बड्या घरच्या बायकाही. कपडे शिवायचे, गाठोडी बांधायची, आघाडीवर आणि इस्पितळांत पाठवायची.

बड्यांची हौस म्हणाल, तर थोडी असेलही. पण याच बाईंचा थोरला मुलगा जेरार्ड सप्टेंबर १९१४मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन दोन महिने व्हायच्या आत, फ्रान्समध्ये मारला गेला होता.

मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या मोहिमेची सगळी भिस्त मुंबई बंदरावर. फौजा इथून जायच्या, जखमी इथंच उतरायचे. कूतच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या आणि एप्रिल १९१६मध्ये सगळ्या फौजेला शरण जावं लागलं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत तयार होती, पण म्युझियम उघडलं थेट १९२२ला. मधल्या काळात तिथं लष्करी इस्पितळ होतं.

प्रश्न होता तो इस्पितळातून सुटल्यावरचा. पाय गेलेला गडी गावी जाऊन करणार काय? नांगर कसा धरणार? १९१७मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने अशा शिपायांना हातचा धंदा शिकवणारी शाळा मुंबईत निघाली. पुढे ती खडकीला आली. आजची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ती हीच. अपंग जवान अजूनही तिथं शिकतात.

नवरोबांची कारकीर्द मात्र वेगळ्याच कारणानं आपल्या लक्षात आहे. १० जून १९१८च्या युद्ध परिषदेत टिळक स्वराज्याबद्दल बोलू लागले, तर विलिंग्डनसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवलं. टिळक उठून बाहेर पडले. माणसं हवीत, पण मत नको, असा तो कारभार. मंडळही त्याच कारभाराच्या सावलीतलं. तरी शाळा टिकली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता एक काम करा. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर फोटो टाका. घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचं नाव लिहा. आणि मागं राहिलेल्या त्याच्या बायकोचं नाव कुणाला आठवत असेल, तर तेही.